ओरखडा छापील आहे

विन्या स्टार वॉर्सच्या खेळण्याचं तेच पाकीट तिसऱ्यांदा बदलून घेऊन आला, त्या संध्याकाळी कट्टा लवकर भरला. जुन्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यांच्या नव्या रेट्रो मालिकेची घोषणा सगळ्यांनीच पाहिली होती, त्यामुळे त्यावर बोलायला कोणी उत्सुक नव्हतं. उत्सुकता होती ती विन्याच्या पिशवीची.

"बघा!" पाकीट फक्त कडांनी धरून, बोटांचे ठसे उमटणार नाहीत अशा बेताने त्याने ते आमच्यासमोर नाचवलं. "पुन्हा कोपऱ्यात ओरखडा, पुन्हा कडेला पांढरी घडी. दुकानदार मला वेचून वेचून टाकाऊ माल देतोय."

शलाकाने पाकीट काढून घेतलं. विन्याने डोळे मिटले. तिने ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "गुळगुळीत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ओरखडा छापील आहे, गाढवा. २०१९ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने स्टार वॉर्सची रेट्रो मालिका काढली, तिच्या कार्डावर झिजल्याच्या खुणा मुद्दाम छापल्यात. तू तीनशे वेळा बदलून आणलंस तरी ओरखडा तिथेच असणार."

पुढची पाच मिनिटं कोणी काही बोलू शकलं नाही. बंटी मोबाइल बाजूला ठेवून हसला, यावरून काय ते समजा.

पण विन्या हार मानेल तर तो विन्या कसला! कोरं करकरीत पाकीट हवं म्हणून तीन फेऱ्या मारणारा हा माणूस, हसणं ओसरायच्या आत, पाकीट पुरेसं जुनं नाही म्हणून चिडला होता. "हेच, हेच मी म्हणतोय! म्हातारपणाचं सोंग आहे हे सगळं. खरं जुनं ते जुनं. स्टार वॉर्सची पहिली खेळणी काढणाऱ्या केनर कंपनीचं १९७८ चं कार्ड हातात धरून बघा, मग बोला."

"तू धरू देशील तर ना," अण्णा म्हणाला. अण्णा आमच्याच वयाचा आहे, पण त्याला लहानपणापासून अण्णाच म्हणतात, कारण तो तेव्हाही असाच कंटाळलेला असायचा. "आणि चाळिशी उलटली तुमची. अजून बाहुल्यांवरून भांडता?"

"बाहुल्या नाही, अॅक्शन फिगर!" विन्या आणि शलाका एका सुरात ओरडले. त्या संध्याकाळी दोघांचं एवढंच एकमत झालं.

"बाहुल्याच," शलाका मग स्वतःच म्हणाली. "१९६४ साली हॅस्ब्रोने बारा इंची सैनिक काढला, जी. आय. जो. कपडे बदलता येणारी बाहुलीच होती ती. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत, म्हणून नवा शब्द शोधला. अण्णा, तू फसला नाहीस एवढंच."

आता विन्याचा मुद्दा, त्याच्यावर अन्याय नको म्हणून, जमेल तितका नीट सांगतो. त्याचं म्हणणं, जुन्या खेळण्याची किंमत त्याच्या उणिवांत आहे. केनरच्या पावणेचार इंची फिगरला सांधे पाचच: मान, दोन खांदे, दोन मांड्या. गुडघा नाही, कोपर नाही. सिनेमाचा नायक ल्यूक, त्याची तलवार हातातल्या खाचेतून सरकून बाहेर यायची, आणि ती पिवळी होती. सिनेमात निळी, खेळण्यात पिवळी! "चूक होती," विन्या म्हणाला, "पण ती आपली चूक होती." हे वाक्य बरं होतं, मी मनात टिपून ठेवलं. दुर्दैवाने तो तिथे थांबला नाही. पुढे व्हॅल्यू, मग ग्रेडिंग, म्हणजे वस्तूच्या अवस्थेला गुण देणं, मग अॅक्रिलिकची पेटी, मग स्टार वॉर्समधल्या बुटक्या जावाचा व्हिनाइलचा झगा आणि त्याच्या नकला कशा ओळखाव्यात, असं सुरू झालं. जावाच्या झग्याबद्दल आम्ही आजवर इतकं ऐकलंय की बंटीला तो झोपेतसुद्धा शिवता येईल.

"आणि नवीन लोक काय करतात?" विन्याचा आवाज चढला. "मॅटेल कंपनीने २०२० मध्ये पीळदार योद्धा ही-मॅनची ओरिजिन्स नावाची मालिका काढली. चेहरा १९८२ चा, खाली सोळा सांधे! आणि कमरेतला स्प्रिंगचा ठोसा गायब! कंबर पिळून सोडली की फाडकन हात फिरायचा, तोच काढून टाकला. मग राहिलं काय?"

शलाका म्हणाली, "तू लहानपणी ही-मॅनला गुडघ्यावर बसवायचास की नाही?"

"बसवायचो."

"त्याला गुडघा होता?"

विन्या गप्प.

"नव्हता. पण तुझ्या आठवणीत तो बसलाय ना? हे नवे बनवणारे खेळण्याची नक्कल करतच नाहीत. ते आठवणीची नक्कल करतात. आठवणीतल्या ही-मॅनला सगळे सांधे होते."

कट्ट्यावर असं कोणी बोललं की अण्णा घसा खाकरतो. खाकरला. मला विचाराल तर विषय इथे संपला होता, पण विन्याला कोणी विचारलं नव्हतं आणि तरी तो बोलत होता. त्याचं म्हणणं, अस्सल ते अस्सल.

"अस्सल अस्सल काय लावलंयस?" शलाका म्हणाली. "तुझा तो बॅटल कॅट, ही-मॅनचा वाघ. मॅटेलकडे बिग जिम नावाच्या आधीच्या खेळण्याचा वाघ पडून होता. त्याचाच साचा घेतला, हिरवा रंग फासला, वर खोगीर चढवलं. तुझा अस्सल वाघच उष्टा आहे!"

अण्णाने टाळी दिली. मी पण दिली. विन्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून कळलं की मी घेतलेली त्याची ड्रिल मशीन आता त्याला आठवणार. आठवलीच. तो विषय मी इथे लिहिणार नाही.

ड्रिल मशीन आटोपल्यावर बंटीने, जो वर्षातून दोनदा बोलतो, एक अडचणीचा प्रश्न टाकला. "पण जे लहानपणी नव्हतंच, त्याची कसली आठवण? सुपर सेव्हन कंपनीच्या त्या 'एलियन' सिनेमाच्या पाच सांध्यांच्या फिगर घ्या. केनरने १९७९ मध्ये अठरा इंची एलियन विकला, पण पावणेचार इंची मालिका रद्द केली. ती कधी दुकानात आलीच नाही. २०१३ मध्ये त्या रद्द नमुन्यांवरून फिगर निघाल्या आणि लोक म्हणाले, अहाहा, बालपण!"

"फसवणूक," विन्या म्हणाला.

"उधारी," शलाका म्हणाली. "आपल्याला मिळायचं होतं, राहून गेलं. आता वसूल करतोय. आणि केनरला उधारीचं काय कौतुक? १९७७ च्या नाताळाला खेळणी तयार नव्हती, तर त्यांनी रिकामं पाकीट विकलं. आत कागद: चार फिगर पुढच्या वर्षी पाठवू. मुलांनी ते घेतलं!"

"पाकीट न उघडणारे तेव्हापासूनच आहेत म्हणजे," अण्णा म्हणाला.

मग अण्णाने स्मरणरंजन हा मुळात रोग असल्याचं सांगितलं. १६८८ मध्ये होफर नावाच्या स्विस वैद्याने घरापासून दूर राहणाऱ्यांच्या दुखण्याला नॉस्टॅल्जिया हे नाव दिलं म्हणे. त्यावर आम्ही सगळे विन्याकडे बघू लागलो आणि बंटीने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"हसा," विन्या म्हणाला. "पण मी माझ्या वस्तू जपल्या. तुमच्यासारखं वाटोळं नाही केलं."

ही त्याची चूक झाली. शलाका हळूच म्हणाली, "माझा सैनिक."

कट्ट्यावर एकदम शांतता. तो सैनिक आम्हा सगळ्यांना माहीत आहे. १९८२ नंतरच्या छोट्या जी. आय. जोंपैकी, कोपर फिरणारा. विन्याने तो एका रात्रीसाठी नेला आणि कंपासपेटीतून परत आणला: छाती एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. "असाच येतो तो," म्हणाला होता. तेव्हा आम्ही चौथीत होतो.

"मी काही केलं नव्हतं!" विन्या उठून उभा राहिला. "त्यांच्या पोटात काळं रबर असतं, अंगठीएवढं. त्यानेच वरचा आणि खालचा भाग आवळलेला असतो. ते वाळतं, चिरतं, एक दिवस आपोआप तुटतं. सगळ्या कलेक्टरना माहीत आहे. आज नवं रबर घालून मी तो पाच मिनिटांत उभा करून देईन."

शलाका जरा वरमली. इतकी वर्षं उगाच राग धरून बसले की काय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. मलाही विन्याची कीव आली.

"रबर आपोआप तुटतं, हे खरं," अण्णा सावकाश म्हणाला. "पण वाळायला वर्षं लागतात. तो सैनिक तेव्हा नवा कोरा होता. आणि हातरुमालाचं पॅराशूट मी बांधून दिलं होतं."

"अण्णा!"

"तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून. गाठ सुटली."

शलाकाने काही न बोलता विन्याचं पाकीट पुन्हा हातात घेतलं, प्लॅस्टिकच्या फुगवट्याखाली नख घातलं आणि चर्रकन ओढलं. छापील ओरखड्याच्या बरोबर मधून कार्ड फाटलं. विन्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो लिपीत मावणारा नाही.

"घे," ती फिगर त्याच्या तळहातावर ठेवत म्हणाली, "आता खरा आहे."

अण्णा खिशात हातरुमाल शोधत होता.