तिसरा टक

अमेरिकेत पिकअप ट्रक घेणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. गाडी आपल्या नावावर असते, पण असते अख्ख्या मंडळाची. कुणाचा सोफा हलवायचाय, कुणाला मुलाला डॉर्ममध्ये सोडायचंय, कुणाचे ढोल परेडला न्यायचेत. ‘तुमच्याकडे ट्रक आहे ना?’ हा प्रश्न ह्यूस्टन परिसरात मी ‘कसे आहात’पेक्षा जास्त वेळा ऐकलाय.

माझा ट्रक २००१ सालचा. जुना घेतला तो इंजिनापायी. सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं कमिन्स टर्बो डिझेल. सासरे कोथरूडच्या कमिन्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. किर्लोस्कर कमिन्स पुण्यात १९६२ साली सुरू झाली, हे आमच्या सासरी गणपतीच्या आरतीइतकं पाठ आहे. बायको कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजची. लग्नाआधी मला पसंत करायला या घराने तीन बैठका घेतल्या होत्या; ट्रकचा फोटो पाठवला तेव्हा चार मिनिटांत उत्तर आलं, ‘इंजिन आपलं आहे. घ्या.’

कंपनीने त्या इंजिनाला २३५ घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, दिले होते. मला ते कमी वाटले. का, ते विचारू नका. मी रोज ऑफिसला एक लॅपटॉप घेऊन जातो, त्याचं वजन दोन किलो आहे. तरीही मी इंजिनात डिझेल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले आणि गाडीच्या संगणकाला गोड बोलून जास्त डिझेल मागून घेणारी एक डबी लावली. विकणारा म्हणाला, शंभर घोडे वाढतील. वाढले असावेत. सिग्नल सुटला की मागच्या गाडीवाल्याला मी दिसेनासा होत असे, वेगामुळे कमी आणि काळ्या धुरामुळे जास्त.

पण त्याच वर्षी कंपनीने हेच इंजिन २४५ घोड्यांच्या जोरदार रूपातही विकायला काढलं होतं, आणि ते फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीत. ऑटोमॅटिकला ते द्यायचं नाही, असं बनवणाऱ्यांनीच ठरवलेलं. माझी गाडी ऑटोमॅटिक. म्हणजे दहा घोडे वाढवताना त्यांनी विचार केला होता. मी शंभर वाढवले आणि विचार गणपतीनंतर करायचं ठरवलं.

गणपती मात्र आधी आले. म्हणजे यायला तीन आठवडे होते. मंडळाचे स्पीकर आणि मखराच्या लाकडी चौकटी मागे टाकून मी आय-१० हायवेवरून केटीकडे येत होतो. पूल चढताना इंजिन एकदम ओरडलं. इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरचा काटा दोन हजारांवरून सव्वीसशेवर गेला आणि गाडी होती त्याच वेगात राहिली. आवाज विमानाचा, चाल बैलगाडीची. घरी येऊन गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवली, गिअर ऑइलची कांडी उपसली. नवं असताना हे ऑइल कोकम सरबतासारखं लाल असतं. माझं निघालं जळक्या काढ्याच्या रंगाचं, वास करपलेल्या फोडणीचा.

मी फोन लावला. ह्यूस्टनला रात्रीचे आठ म्हणजे कोथरूडला सकाळचे साडेसहा, सासऱ्यांची चहाची वेळ.

“इंजिनाला काही झालं नाही ना?” ते म्हणाले.

“नाही बाबा.”

“मग उरलेलं निस्तरेल.”

आता हे उरलेलं काय असतं, ते जरा सांगायला हवं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सचा सरळ सांधा नसतो. टेबलफॅन चालू करून समोर दुसरा बंद पंखा ठेवा. वाऱ्याने तोही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी ऑइल असतं आणि दोन्ही पंखे एकाच बंद डब्यात असतात, तो टॉर्क कन्व्हर्टर. १९०५ साली हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने ही कल्पना जहाजांसाठी काढली. मधे ऑइल असल्यामुळे थोडी घसर राहतेच. ती जावी म्हणून गाडी वेगात आली की आतला एक क्लच दोन्ही बाजूंना घट्ट धरतो, त्याला लॉकअप म्हणतात. माझ्या गाडीतल्या या क्लचची चकती एकच होती, बिचारी २३५ घोड्यांना पुरेल एवढी. बाकीच्या शंभरांनी तिची राख केली आणि ती राख ऑइलबरोबर सगळ्या गिअरबॉक्सभर फिरली.

तयार, मजबूत केलेलं ट्रान्समिशन, म्हणजे अख्खा गिअरबॉक्स, आणून बसवायला एका गॅरेजने साडेपाच हजार डॉलर सांगितले. बायको म्हणाली, “देऊन टाक.” मी म्हणालो, “मी करतो.” लग्नाला चौदा वर्षं झालीत, या दोन शब्दांनी आमचं जितकं नुकसान झालंय तितकं शेअर बाजाराने केलेलं नाही.

ऑगस्टमधल्या टेक्सासात गाडीखाली झोपणं हा अनुभव वर्णन न केलेला बरा. चार चाकांची ओढ असलेली गाडी, म्हणून आधी पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्सफर केस उतरवा, मग दोन्ही शाफ्ट, मग मधला आडवा बीम. गिअरबॉक्सच्या डोक्यावरचे बोल्ट तर असे बसवलेत की ते बसवून मग भोवती गाडी बांधली असावी. तीन एक्स्टेन्शन जोडून हातभर लांब पाना केला, तेव्हा कुठे सॉकेट पोचलं. पाना इकडे माझ्या हातात, बोल्ट तिकडे, आणि मधे सगळी श्रद्धा. शेजारचे निवृत्त मेकॅनिक आजोबा रोज खुर्ची घेऊन समोर बसत आणि काहीच बोलत नसत. त्यांच्या न बोलण्याने मला जास्त घाम फुटे.

शंभर किलोच्या वरचा तो ऐवज चौथ्या दिवशी जॅकवर खाली आला. खरी गंमत त्यापुढे. आत गिअरची रचना ग्रहमालेसारखी असते: मधे सूर्य गिअर, त्याभोवती फिरणारे ग्रह गिअर, बाहेर कडं. हे आईला फोनवर सांगितलं, तर ती गंभीर होऊन म्हणाली, “तरीच. शनी वक्री आहे तुझा. उघडण्याआधी विचारायचं तरी.”

ऑइलला वाटा दाखवणारा, व्हॉल्व्ह बॉडी नावाचा चक्रव्यूहासारखा भाग उघडला आणि आतले पोलादी छर्रे टणाटण उड्या मारत गॅरेजभर पसरले. कोणता छर्रा कुठल्या खळग्यात, याचा फोटो आधी काढायचा असतो. मी तो नंतर काढला. त्यात रिकामे खळगे फार सुंदर आलेत. एक छर्रा डीप फ्रीजरखाली सापडला, सोबत दोन वर्षांपूर्वी हरवलेला नारळाचा चव काढायचा खवणीचा स्क्रू.

मागच्या ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरच्या, भागात एक स्प्रिंग असते, ती सुमारे ८०० पौंडांच्या जोराने दाबून बसवलेली. ती प्रेसशिवाय, म्हणजे दाबयंत्राशिवाय, सोडली तर सुटणारी वस्तू फक्त स्प्रिंग नसते. मी दोन क्लॅम्प घेऊन पुढे सरसावलो, तेव्हा आजोबा आठवड्यात पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “नको.” मग तेवढा भाग ते स्वतः प्रेस असलेल्या मित्राकडे घेऊन गेले.

नव्या क्लचप्लेट बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजत घालाव्या लागतात. मी मटकी भिजत घालतो तशा घातल्या, पुरणाच्या मोठ्या परातीत. बायको बाहेर आली, परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. पुढचे दोन दिवस आमच्या घरात लॉकअप झालं होतं.

कोथरूडहून व्हिडिओ कॉलवर देखरेख चालूच होती.

“जावईबापू, ते कशाने पुसताय?”

“जुना पंचा आहे बाबा. स्वच्छ आहे.”

“फेका तो! सुताचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला की परत उघडाल. आणि छर्रे कशाने चिकटवताय?”

“ग्रीसने.”

“व्हॅसलीन लावा. ऑइल तापलं की विरघळतं ते. ग्रीस तुमच्यासारखं, बसलं की बसलं.”

व्हॅसलीन बायकोच्या ड्रेसिंग टेबलवरून आणलं. न विचारता.

आता शेवटचा, सगळ्यात नाजूक भाग. नवा कन्व्हर्टर तीन चकत्यांच्या क्लचचा. तो आत ढकलत, फिरवत बसवायचा. तो एकेका खाचेत उतरत जातो आणि दर वेळी टक असा आवाज येतो. एकूण तीन टक. दोनच आले आणि तुम्ही बोल्ट आवळले, तर पुढचा पंप फुटतो आणि सगळी कथा मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सांगायची.

“झाले तीन,” मी म्हणालो.

“दोन,” दारातून आवाज आला. बायको. दोन दिवसांत पहिला शब्द.

“तीन झाले. तू आत होतीस.”

“मी इन्स्ट्रुमेंटेशनची आहे. दोन.”

मोबाइलमधून सासरे म्हणाले, “दोन.” खुर्चीतून आजोबांनी दोन बोटं वर केली, त्यांना मराठीचा गंधही नाही. मी रागाने कन्व्हर्टरला एक हिसका दिला, आणि टक.

कोणी काही बोललं नाही. हे मी त्यांचं मोठेपण मानतो.

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी ट्रक चालू झाला. रिव्हर्स पडला, पहिला पडला, दुसरा पडला. गाडी अशी सरकली की मला स्वतःविषयी आदर वाटू लागला. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन: “ट्रक झाला ना? मूर्ती तुमच्या ट्रकमधूनच आणायची.”

तर मूर्ती आली. मागे चौकटी आणि फुलं, पुढे बायकोच्या मांडीवर साक्षात बाप्पा, ओढणीने डोळे झाकलेले. इंजिनात साडेतीनशेच्या घरातले घोडे, मागे तीन चकत्यांचा क्लच, आणि काटा ताशी वीस मैलांवर. खड्डा दिसला की पंधरा.

“हळू,” बायको म्हणाली.

“हळूच चाललोय.”

“अजून हळू.”

डॅशबोर्डवर टेकवलेल्या फोनमधून कोथरूडची पहाट विचारत होती, “काय हो, नवा लॉकअप लागला का? कसा वाटतोय?”

“बाबा, तो चाळिशीच्या पुढे लागतो.”

“मग?”

“मांडीवर गणपती आहे.”

“असं होय,” सासरे म्हणाले. “मग पंधरानेच जा.”