स्पिनचा काय संबंध? – एका कमेंटला उत्तर

नमस्कार, एवढी सविस्तर कमेंट टाकलीत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ब्लॅक होलची जोडी एक होते ती ग्रॅव्हिटीमुळे, त्यात स्पिन, म्हणजे प्रत्येक होलचं स्वतःभोवती फिरणं, मध्ये आणायचं कारण नाही, आणि आणलाच तर स्वतःभोवती जोरात फिरणाऱ्या होल्सची जोडी उलट लवकर एक व्हायला हवी, मी "उशिरा" लिहिलं ते चुकलं. वर हे सगळं कॉम्प्युटरवरचं, प्रत्यक्ष कोणी बघितलंय?

नाही, "उशिरा"च बरोबर आहे. पण त्याआधी मी "दिशा जुळत असेल तर" असंही लिहिलं होतं, ते बहुतेक नजरेतून सुटलं, आणि सगळी मेख तिथेच आहे. दोन्ही होल्स ज्या दिशेने एकमेकांभोवती फेऱ्या मारतायत त्याच दिशेने स्वतःभोवतीही फिरत असतील तर शेवटच्या टप्प्यात स्पिनचा परिणाम ओढीच्या विरुद्ध पडतो, म्हणजे आत कोसळण्याआधी त्यांना आणखी एनर्जी गुरुत्वलहरींवाटे (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांवाटे) बाहेर टाकावी लागते, आणि ती टाकेपर्यंत ती घिरट्या घालत राहतात. दिशा उलटी असेल तर ओढीला मदतच होते आणि सगळं झटपट आटोपतं.

२००६ साली कँपानेली, लूस्तो आणि झ्लोखोवर या तिघा शास्त्रज्ञांनी हेच आइन्स्टाइनची पूर्ण समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवून दाखवलं. दोन सारख्या वजनाची होल्स घेतली, स्पिन कमाल मर्यादेच्या साधारण ७६ टक्के, सुरुवात दोन्ही वेळा सारखीच, बदलली फक्त दिशा. जुळत्या दिशेच्या जोडीने तीन फेऱ्या मारल्या, उलट्या दिशेच्या जोडीची एकही पुरी झाली नाही! लहरींवाटे एनर्जी बनून गेलं ते एकीकडे जोडीच्या वजनाच्या ७ टक्के, दुसरीकडे जेमतेम २. जोडीचं वजन ६० सूर्यांएवढं धरलं तर चार सूर्यांहून जास्त आणि एक-सव्वा सूर्य, इतका फरक. याला मी तरी किरकोळ म्हणणार नाही.

आणि स्पिन आडवे, म्हणजे फेऱ्यांच्या पातळीतच पडलेले आणि एकमेकांविरुद्ध असले तर लहरी एका बाजूला जास्त जातात आणि नव्या होलला सेकंदाला हजारो किलोमीटरचा धक्का बसू शकतो, स्पिन नसताना हाच आकडा १७५ च्या आसपास थांबतो. आपल्या सूर्याच्या परिसरातून आकाशगंगेबाहेर पडायला साडेपाचशे पुरतात, यावरून बघा.

आता "कोणी बघितलंय" याबद्दल. तुमची शंका एका बाबतीत रास्त आहे, पृथ्वीवर पकडलेल्या या लहरींच्या सिग्नलमधून प्रत्येक होलचा स्पिन वेगवेगळा काढणं खरंच अवघड असतं, वजनांचा आणि स्पिनचा परिणाम एकमेकांत मिसळतो, म्हणून बऱ्याचदा दोघांचा मिळून एकच सरासरी आकडा नीट मिळतो. पण काही सिग्नल बोलके निघतात. १० नोव्हेंबर २०२४ ला पकडलेल्या जीडब्ल्यू२४१११० मध्ये मोठं होल फेऱ्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसलं, आणि त्याच्या महिनाभर आधीच्या जीडब्ल्यू२४१०११ मध्ये मोठं होल प्रचंड वेगाने फिरत होतं. जन्मापासून सोबत असलेल्या दोन ताऱ्यांपासून बनलेल्या जोडीत दिशा साधारण जुळतात, उलटा स्पिन आला की ही दोघं वेगवेगळी जन्मून ताऱ्यांच्या दाट गर्दीत नंतर भेटली असावीत हा संशय बळावतो, आणि मोठं होल स्वतःच आधीच्या एखाद्या टकरीतून बनलेलं असू शकतं. नुसत्या वजनांवरून हे इतकं कळलं नसतं.