विंडोतला 'ओ' कुठून आला

काल कट्ट्यावर पक्याच्या नव्या फ्लॅटच्या खिडक्यांवरून विषय निघाला. स्लायडिंगच्या आहेत, एक काच सरकवली की दुसरीच्या मागे जाऊन बसते, म्हणजे पैसे अख्ख्या खिडकीचे आणि वारा अर्धीचा. पक्या वैतागून म्हणाला, विंड येत नाही तर विंडो कशाला म्हणायचं हिला!

फालतू जोक होता, पण मास्तर (नावाचाच मास्तर, शिकवत कुठेच नाही) कटिंग खाली ठेवून म्हणाला, अरे त्यात विंड खरंच आहे, आणि पुढचा 'ओ' म्हणजे डोळा.

सगळे हसले. पण पठ्ठ्या बरोबर बोलत होता. वायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'विंदाउगा', त्यात आउगा म्हणजे डोळा, वाऱ्याचा डोळा. काच वगैरे नव्हतीच, धूर बाहेर जायला आणि वारा आत यायला नुसतं भोक. हे लोक इंग्लंडात येऊन राहिले आणि शब्द तिथेच रुजला, 13व्या शतकात इंग्रजी लिखाणात सापडतो. त्याआधी इंग्रजीत खिडकीला 'डोळ्याचं भोक' अशा अर्थाचा शब्द होता, त्यातलं भोकवालं 'थिरल' आजही नॉस्ट्रिलमध्ये अडकलेलं आहे, नाकाचं भोक.

इथे अण्णा उठले. म्हणजे हा आपला गवाक्षच की रे, अक्ष म्हणजे डोळा, इथूनच ढापलाय!

मास्तर म्हणाला, ढापला कसला अण्णा, गवाक्षात गाय आहे, तिकडे वारा आहे. आउगा आणि अक्षि एकाच मुळातले, विंड आणि वात पण, पण ते मूळ संस्कृतच्याही आधीचं. आजोबा एकच, खिडक्या ज्याने त्याने आपापल्या भिंतीत काढल्या.

मग वातायन? अण्णांनी हुकमी पत्ता टाकला. त्यात वारा आहे, पण डोळा नाही, नुसती वाट आहे. आणि स्पॅनिशमध्येही खिडकी म्हणजे 'वेंताना', तिच्यातही वाराच, मग स्पेनवालेही इथूनच घेऊन गेले का, असं मी विचारलं तर अण्णा माझ्याकडे असे बघायला लागले की मी गप्प बसलो.

तेवढ्यात आमचा म्हापशाचा दोस्त म्हणाला, आमच्यात जनेल म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, मुळात अर्थ छोटं दार. त्यावर अण्णा म्हणे, बघा, हा तरी कबूल करतोय कुणाकडून घेतला ते.

पक्या मात्र अजून तिथेच. मग माझ्या खिडकीचा एक डोळा कायमचा बंद, त्याचे पैसे बिल्डर परत देणारे का?