बीआरटी उखडली की रस्ता मोकळा होतो?

‘बसची लेन दिवसभर रिकामी आणि शेजारी गाड्यांची रांग. लेन उखडा, कोंडी सुटेल.’ पुण्यात बीआरटीबद्दल, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या लेनबद्दल, हे वर्षानुवर्षे फिरतंय. नगर रस्त्यावरची लेन तर गेलीसुद्धा. एकेक मुद्दा घेऊ.

‘लेन रिकामी असते.’ बस त्यात तुंबत नाही, म्हणून ती रिकामी दिसते. मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ६० माणसं धरली, तर तासाला ३,६०० जण जातात. शेजारच्या लेनमध्ये निम्मा वेळ हिरवा सिग्नल असेल तर तासाला साधारण ९०० मोटारी सुटतात. मोटारीमागे दीड माणूस धरा, झाले १,३५०. म्हणजे तासाला २३ भरलेल्या बस आल्या की बसची लेन सरस ठरते. दुचाकी मिसळल्या की हा आकडा वर जातो, हे मान्य. पण पाच मिनिटांनी एक बस सोडायची आणि खापर लेनवर फोडायचं, हे चालणार नाही.

‘लेन काढली की जागा मिळते.’ मिळते, दोन चौकांच्या मधे. रांग लागते ती चौकाच्या तोंडाशी, जिथे उजवीकडे वळणारे आणि कडेच्या रिक्षा मिळून रस्ता खातात. त्यात रस्त्याच्या मधोमध थांबणारी बस आता डाव्या कडेच्या थांब्यावर येते. तिथे गाड्या लावलेल्या. ड्रायव्हर बस तिरकी उभी करतो आणि तिचा मागचा भाग दुसरी लेन अडवतो.

‘लेन नको, बस वाढवा.’ एका बाजूचा प्रवास ६० मिनिटांचा आणि दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबा, तर फेरी १४० मिनिटांची. दर १० मिनिटांनी बस हवी तर १४ बस लागतात. कोंडीत तोच प्रवास ८० मिनिटांचा झाला की १८ लागतात. चार बस, त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर वाढले आणि प्रवाशाचं वाट पाहणं तेवढंच! शिवाय कोंडीत मागची बस पुढचीला गाठते, मग दोन बस एकदम येतात आणि नंतर वीस मिनिटं काही नाही.

‘बीआरटी इथे फसलीच.’ २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसरवर सुरू झालेल्या मार्गाच्या चुका खऱ्या आहेत. लेन तुकड्यातुकड्यांत होती, तुकडा संपला की बस पुन्हा गर्दीत. लेनच्या तोंडाशी रखवालदार नसला की दुचाकी आत. थांबा रस्त्याच्या मधोमध, पण तिथवर जायला पादचारी सिग्नल नाही. यातली एकही चूक लेन उखडून दुरुस्त होत नाही. पादचारी सिग्नल तर कडेच्या थांब्यालाही लागतोच.