पन्हाळ्यासाठी सायकल घेऊ नका

सायकल घ्यायची ठरली की कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर आधी पन्हाळा उभा राहतो. मग जोतिबा. मग दुकानदार जाड टायरचं, पुढं-मागं शॉकअप असलेलं, 21 गिअरचं एक धूड समोर आणून ठेवतो आणि गडी खूश! सोमवारी मात्र याच गड्याला फुलेवाडीतून शाहूपुरीत कामावर जायचं असतं. त्या धुडाला ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना डबा अडकवायला जागा. जून लागला की पाठीवर चिखलाची रांगोळी.

गेल्या महिन्याभरात ओळखीच्या बऱ्याच जणांनी ‘कुठली घेऊ?’ विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. सायकल सोमवार ते शनिवारसाठी घ्यायची. रविवार तिच्यावर आपोआप भागतो, कारण पोरंबाळं बरोबर असली की सगळ्यांचा वेग सगळ्यात लहान पोराएवढाच असतो. तिथं कुणाला 21 गिअर लागणार आहेत?

चार-पाच किलोमीटरच्या जाण्यायेण्याला हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगराची यांच्या मधली) किंवा साधी सिटी सायकल पुरते. चाक 700सी (हे चाकाचं माप), टायर 35 ते 40 मिमी रुंद, पुढचा चिमटा सरळ, शॉकअपशिवाय. (29 इंची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, आणि 700सी यांची रिम एकाच मापाची असते, 622 मिमी. त्यामुळे ‘मोठ्या चाकाची आहे ताई’ हे ऐकून भुलू नका.) स्वस्तातल्या शॉकअपनं खड्डे फारसे कमी होत नाहीत, वजन मात्र वाढतं आणि पायडल मारताना निम्मा जोर त्या स्प्रिंगा दाबण्यातच जातोय असं वाटतं. आपल्या रस्त्यांना शॉकअपपेक्षा थोडा रुंद टायर आणि त्यात योग्य हवा बरी. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा आहे का तेही बघा, नाहीतर गल्लीतला पंक्चरवाला हात वर करतो.

गिअरचं सांगायचं तर मागं सात आणि पुढं एकच चक्र असलं तरी गावात चालतं. दसरा चौकातून कावळा नाक्याकडं किंवा राजारामपुरीतून विद्यापीठाकडं जाताना चढ लागतो तेवढाच. आकडा विचारण्यापेक्षा मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दात मोजा. 28 ऐवजी 34 असतील तर चढाला खरा फरक पडतो.

आता माझा आवडता वाद. खाली वाकलेल्या नळीची, आपण ‘लेडीज’ म्हणतो ती सायकल पुरुषांनीही घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. साडी, ड्रेस हे तर झालंच. पण मागं पोराची सीट बसवली की पाय मागून फिरवून बसताच येत नाही! उंच नळीवरून पाय पुढून काढताना भले भले अडखळतात, आणि मागं पोरगं असतं. शिवाय घरात एकच सायकल असेल तर सीट वरखाली करून दोघांनाही वापरता येते. आमच्या ह्यांना हे पटायला वेळ लागला, कारण ‘तालमीतले मित्र काय म्हणतील?’ मित्र काय म्हणायचं ते म्हणाले. आता त्यातलाच एकजण भाजीला जायला तीच मागून नेतो.

चेनकव्हर पूर्ण असावं, ओढणी आणि पँट दोन्ही वाचतात. स्टँड, मडगार्ड, कॅरिअर दुकानातच बसवून घ्या. फ्रेमला त्यासाठी भोकं आहेत का ते आधी बघा, नाहीतर क्लिपा लावून खडखडाट घरी येतो.

ब्रेक. डिस्कचं, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती धरणाऱ्या ब्रेकचं, फार वेड आहे. पावसात डिस्क चांगली धरते, खरंय. पण गावातल्या वेगाला नीट लावलेला व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा) पुरतो आणि तो कुठलाही मिस्त्री दुरुस्त करतो. फक्त रिम ओली असताना चाकाचे पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात, म्हणून ब्रेक जरा आधी दाबायचा. गळीत हंगामात फुलेवाडी-गगनबावडा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांच्यामागं तर अंतर ठेवाच.

पोरांबद्दल मात्र मी कडक आहे. कॅरिअरवर तसंच बसवायचं नाही, पाय स्पोकमध्ये जातो. मागच्या सीटला पायाचं कव्हर आणि पट्टा हवाच. अशा बहुतेक सीटची मर्यादा 22 किलोच्या आसपास असते, तेव्हा पोराला आधी वजनकाट्यावर उभं करा. सहा-सात वर्षांच्या पोराला स्वतःची 20 इंची. आणि कृपा करून वाढत्या अंगाचा शर्ट घेतो तशी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही पाय टेकले पाहिजेत, ब्रेकची दांडी बोटांत आली पाहिजे. वजनही उचलून बघा. 20 किलोच्या पोराला 13 किलोची सायकल म्हणजे 60 किलोच्या माणसाला 39 किलोची. मग ‘पोरगं सायकल चालवतच नाही’ म्हणायचं!

रविवारी रंकाळ्याला जायचं तर पहाटेच. उजाडल्यावर तिथल्या गर्दीत पोराची सायकल सांभाळणं म्हणजे ताप. मला स्वतःला शिवाजी पुलावरून आंबेवाडी, प्रयाग चिखलीचा रस्ता आवडतो. सपाट, दोन्ही बाजूंना ऊस, आणि शेवटी संगम. पावसाळ्यात नदी चढली की तिकडं फिरकायचं नाही, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

ई-सायकलबद्दलही विचारणा होते. 250 वॅटपेक्षा कमी मोटर आणि 25 किमीच्या आत वेग असेल तर नोंदणी, लायसन्स लागत नाही. घामेजून कामावर पोचणं परवडत नसेल त्यांनी जरूर बघावी. पण तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल तर बॅटरी काढून वर नेता येते का, हा पहिला प्रश्न विचारा.

आणि पन्हाळ्याला जायचंच असेल तर सायकली टेम्पोत टाकून वाघबीळपर्यंत न्या. कोणाला चढायचं, कोणाला टेम्पोतच बसायचं, ते तिथं ठरवा. मी टेम्पोत.