श्रीलंका पक्षीसहलीच्या दोन-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या फेब्रुवारीतल्या श्रीलंका सहलीबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी अशा: सिंहराजाच्या पावसाळी जंगलात सेरेंदिब घुबडाजवळ जेमतेम दहा मिनिटं थांबू दिलं आणि गाईडने मोबाईलवर कॉल, म्हणजे त्या पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, लावायला साफ नकार दिला. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर पहाटे साडेतीनला उठवून कुडकुडत उभं केलं आणि पक्षी दिसला तो काही सेकंद. बुंदलाच्या रखरखीत जंगलात फ्लेमिंगो एकही नव्हता. शेवटी दिलेली पक्ष्यांची यादी फुगवलेली आहे, म्हणून अर्धे पैसे परत हवेत. जळवा आणि रोजच्या भात-करीचाही उल्लेख आहे.

तुमच्याशी फोनवर बोलणं झालंच आहे. पण पुढच्या वर्षी यायचा विचार करणारे ठाणे-मुलुंड-डोंबिवलीचे बरेच जण हा रिव्ह्यू वाचणार, त्यामुळे उत्तरही इथेच देतो.

आधी घुबड, कारण खरा मतभेद तिथेच आहे.

श्रीलंकेचे पक्षीतज्ज्ञ दीपल वरकागोडा यांनी १९९५ मध्ये श्रीलंकेच्या पावसाळी जंगलात एक अनोळखी आवाज ऐकला. तो काढणारा पक्षी, म्हणजे हेच सेरेंदिब घुबड, प्रत्यक्ष दिसायला २००१ साल उजाडलं आणि २००४ मध्ये नवी प्रजाती म्हणून त्याची शास्त्रीय नोंद झाली. ज्या माणसाने तो शोधला, त्यानेही काही वर्षं नुसता आवाजच ऐकला होता. हे घुबड राहतं फक्त नैऋत्य श्रीलंकेतल्या ओल्या जंगलांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत. जगात दुसरीकडे कुठेही नाही. शिवाय त्याची एक सवय त्याच्याच जिवावर उठते: दिवसा ते उंच शेंड्यावर नाही, तर जमिनीपासून एक-दोन मीटरवर, दाट झुडपात झोपतं. म्हणजे माणसाचा हात पोचेल इतकं जवळ.

तुम्हाला ते कसं दिसलं ते आठवा. सिंहराजालगतच्या कुडावा गावचा ट्रॅकर सकाळपासून एकटा झाडोरा धुंडाळत होता. त्याने खूण केल्यावर आपण एकेक करून ओणवे होत पुढे सरकलो, वेलींच्या गुंत्यातल्या एका फटीला डोळा लावला आणि कमरेइतक्या उंचीवर, वाळक्या पानासारखा तांबूस, मुठीएवढा गोळा बसलेला दिसला. कानांवर पिसांचे तुरे नाहीत, पोटावर बारीक काळे ठिपके. मध्येच एक डोळा किलकिला झाला तेव्हा आतला पिवळा रंग दिसला. हे तुम्ही पाहिलंत. त्याचा फोटोही तुमच्याकडे आहे, फक्त त्यात एक काडी आडवी आली आहे. शेजारच्या ग्रुपच्या गाईडने कॉल वाजवला, घुबडाने मान वळवून डोळे उघडले आणि त्यांना मोकळा फोटो मिळाला, याचं तुम्हाला वाईट वाटलं. ते मी समजू शकतो. तरीही आमच्या गाईडने जे केलं तेच बरोबर होतं आणि पुढच्या वेळीही तो तेच करेल.

कारण असं आहे. झोपलेल्या घुबडाला आपल्याच जातीच्या नराचा आवाज जवळून ऐकू आला, तर त्याच्या लेखी अर्थ एकच: हद्दीत दुसरा कोणी घुसला आहे. ते खडबडून जागं होतं, आवाज कुठून आला ते शोधतं, कधी जागा सोडतं. दिवसाउजेडी उघड्यावर आलं की लहान पक्षी कलकलाट करत त्याच्या मागे लागतात आणि शिकाऱ्यांना त्याचा पत्ता कळतो. एखाद्याने एकदा कॉल लावला तर घुबड सावरेल. पण डिसेंबर ते मार्च या हंगामात त्याच झाडोऱ्यापाशी एकामागून एक ग्रुप येतात. प्रत्येकाने एकदाच म्हणून लावला तर त्या जिवाने झोपायचं कधी आणि रात्री शिकार करायची कशाच्या बळावर? विणीचा काळ असेल तर घरट्याकडे कोण बघणार? ते तिथून कायमचं उठून गेलं तर ट्रॅकरची रोजी बुडते ती वेगळीच.

हे मी परदेशातल्या पक्ष्यापुरतं म्हणत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे तिबोटी खंड्याच्या घरट्यापुढे कॅमेऱ्यांची रांग लागते. नर-मादी चोचीत पाल धरून फांदीवर ताटकळत असतात आणि समोरची माणसं हलत नाहीत. ते पाहिल्यापासून ठाण्याजवळच्या येऊरच्या आमच्या साध्या रविवारच्या फेरीतही कॉल लावणं, फ्लॅश मारणं आणि घरट्यासमोर थांबणं बंद आहे. बुकिंगच्या फॉर्मवर हा नियम पहिल्याच पानावर छापलेला आहे, खाली तुमची सही आहे आणि निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये तो मी स्वतः वाचून दाखवला होता. दहा मिनिटांची मर्यादाही तिथलीच.

आता हॉर्टन प्लेन्स. जिच्यासाठी उठवलं ती श्रीलंकेची शीळकरी कस्तुर. पहाटेच्या अंधुक उजेडात आणि संध्याकाळी दिवेलागणीला ती ओढ्याकाठी, पाणवठ्यावर उतरते. ऊन चढलं की दाट झाडीत शिरते आणि मग दिवसभर तिथे बसलात तरी भेट होईल याची खात्री नाही. नुवारा एलियाहून तिथवर घाटरस्ता तीसेक किलोमीटरचा. उजाडायच्या आत तळ्यापाशी पोचायचं तर साडेतीनला उठण्यावाचून गत्यंतर नाही. थंडीचं म्हणाल, तर आपण २,१०० मीटरच्या आसपास उभे होतो, महाबळेश्वरच्याही कितीतरी वर. स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे सामानाच्या यादीत होतेच.

काही सेकंद दिसली हे खरं. पण त्याआधी धुक्यातून आलेली तिची चिरकी, तीक्ष्ण शीळ आपण सगळ्यांनी ऐकली. मग काठावरच्या ओल्या दगडावर काळसर निळा पक्षी आला, शेपटी पसरली, मिटली आणि गेला. या कस्तुरीचा शोध १८६८ सालचा मानतात. त्यानंतर श्रीलंकेत पक्ष्याची नवी प्रजाती सापडायला थेट २००१ उजाडावं लागलं आणि ती म्हणजे तुमचं सेरेंदिब घुबड. तुम्ही ज्या दोन पक्ष्यांवर नाराज आहात, त्यांच्यामध्ये त्या बेटावरचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा काळ आहे आणि ते दोन्ही तुम्ही एकाच आठवड्यात पाहिलेत. आठ जणांच्या आपल्या ग्रुपमध्ये दोन्ही सगळ्यांना दिसले. असं दर वर्षी होत नाही.

त्याच दिवशी दुपारी नुवारा एलियाच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये कुंपणालगतच्या घाणेरड्या ओढ्याकाठी वहिनींनी नवरंग पाहिला, त्याबद्दल रिव्ह्यूत एक ओळही नाही. पालापाचोळा उलटत तो चार हातांवर आला होता. हाच नवरंग पावसाच्या तोंडावर आपल्या येऊरला शीळ घालायला येतो. कितीतरी ठाणेकर दर जूनमध्ये त्याचा नुसता आवाज ऐकून परततात. काश्मीरकडे वीण करून हिवाळ्यात या डोंगरांत उतरणारा काश्मिरी माशीमारही त्याच बागेत मिळाला. माझ्या मते सहलीतली सर्वांत सुंदर दुपार ती होती.

फ्लेमिंगोचा विषय वेगळा. बुंदला हे श्रीलंकेतलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आणि जुन्या माहितीपत्रकांत तिथल्या फ्लेमिंगोंच्या थव्यांचं वर्णन अजून वाचायला मिळतं. आमच्या पत्रकात ते नाही, मुद्दाम नाही. किरिंदी ओया नदीवरच्या सिंचन योजनेतून शेतांना दिलेलं गोडं पाणी वाहत एंबिलिकला आणि मालाला या खाडीसरोवरांत येऊ लागलं, पाण्याचा खारटपणा उतरला, फ्लेमिंगोंचं खाद्य घटलं आणि ते तिथून गेले. वरच्या अंगाला पाण्याची एक वाट बदलली की खाली काय होतं, याचं इतकं ढळढळीत उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. गाडीतून तिथे जाताना गाईडने हे सगळं सांगितलं होतं. आपल्या दारातल्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगोच बघायचे असतील तर हिवाळ्याअखेरीस ऐरोलीहून बोटीने जावं. त्यासाठी कोलंबोचं विमान पकडायला मी कुणालाच सांगणार नाही.

बुंदलाला आम्ही नेतो ते किनाऱ्यालगतच्या कोरड्या, काटेरी जंगलासाठी. सिंहराजात वर्षाला ३,५०० मिमीच्या वर पाऊस पडतो. इथे त्याच्या निम्माही नाही. पिलूची झुडपं, खिरणीचे पसरट वृक्ष, मध्येच वाळूच्या टेकड्या आणि पलीकडे समुद्र. दुपारी ते ओकंबोकं वाटतं, कबूल, आणि म्हणूनच दुपारी आपण हॉटेलवर होतो. सकाळच्या फेरीत निळ्या तोंडाचा मालकोहा काट्यांतून सरपटताना मिळाला, खारपाणी तळ्याकाठी मोठा करवानक भरउन्हात डोळे वटारून उभा होता आणि चिखलावर शेकाटे व तुतवारांची गर्दी होती. ओल्या डोंगरातून उतरून दोन दिवसांत या कोरड्या पट्ट्यात आलं की एका लहान बेटावर पक्षी पावसाप्रमाणे कसे वाटले गेलेत ते डोळ्यांना दिसतं. सगळी सहल आम्ही याच क्रमाने आखली आहे.

यादीबद्दल. ज्यांचा फक्त आवाज ऐकला त्यांच्यापुढे 'ऐकला' असं लिहिलेलं आहे आणि ते बेरजेत धरलेले नाहीत. रोज रात्री जेवणानंतर यादी सगळ्यांसमोर वाचली जात होती. एखादी नोंद तुम्हाला खोटी वाटत असेल तर ती कोणती ते कळवा, दिवस, जागा आणि पाहणाऱ्यांची नावं काढून देतो.

जळवा पावसाळी जंगलात असणारच. मोजे आम्ही दिले होते. भात-करीच्या जोडीला पोळी हवी, अशी मागणी तिघांनी तिथे केली आणि दुसऱ्या दिवसापासून रोटी मिळाली.

पैसे परत करण्याबाबत माझा निर्णय फोनवर सांगितला तोच आहे. ठरलेली सगळी ठिकाणं ठरल्या दिवशी झाली, परवान्यांचे आणि स्थानिक गाईडचे पैसे पूर्ण दिले गेले, राहण्याची सोय लिहिली तशीच होती. अमुक पक्षी दाखवूच, असं आम्ही कुठेही लिहीत नाही, तोंडीही बोलत नाही. तेव्हा रक्कम परत होणार नाही.

आणि जे बुकिंगच्या विचारात आहेत त्यांना: कॉल लावून पक्षी समोर आणणारा गाईड हवा असेल तर आमच्याबरोबर येऊ नका, चौकशीचा फोन आला की हे मी सुरुवातीलाच सांगतो. पुढच्या फेब्रुवारीच्या सहलीची माहिती देण्यासाठी नौपाड्याच्या ऑफिसात शनिवारी संध्याकाळी बसतो. यंदाची यादी आणि सगळ्यांचे फोटो तिथे बघायला ठेवले आहेत, तुमचं काडीआडचं घुबडही त्यात आहे.

सहल संयोजक,
नौपाडा, ठाणे