सुशीचे सोवळे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

नवख्या माणसाने सुशी कशी मागवावी आणि कशी खावी, याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले तीन आक्षेप आहेत. भाताला सोया सॉस लावू नका, वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी सॉसमध्ये कालवू नका, घास एकदम तोंडात घाला हे माझे सांगणे म्हणजे नुसते सोवळे आहे. सुशी म्हणजे कच्ची मासळी, तेव्हा उकडलेल्या कोळंबीपासून आणि अंड्यापासून सुरुवात करायला सांगणे ही नवख्यांची फसवणूक आहे. आणि ज्या इनारीझुशीची मी शाकाहारी वाचकांना शिफारस केली, ती शाकाहारी नसते. माझा लेख वाचून आपण ती जपानच्या प्रवासात आपल्या आईंना खाऊ घातलीत आणि खरा प्रकार नंतर कळला.

हा शेवटचा आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे. आपल्या आईंची आणि आपली मी मनापासून क्षमा मागतो.

इनारी म्हणजे तळलेल्या तोफूची गोडसर पिशवी आणि तिच्यात भरलेला आंबूस भात. तिच्यात मासळी कोठेही दिसत नाही आणि मी डोळ्यांना दिसले तेवढ्यावरच विसंबलो. परंतु ती पिशवी ज्या रसात शिजवतात त्यात सोया सॉस आणि साखरेबरोबर बहुधा दाशी असते; आणि दाशी म्हणजे कोम्बु या समुद्री शेवाळाचा आणि ट्यूनाच्याच कुळातल्या कात्सुओ मासळीच्या सुकवलेल्या, धुरी दिलेल्या पापुद्र्यांचा अर्क. सुक्या भोपळ्याच्या पट्ट्या घातलेली काम्प्यो-माकी (माकी म्हणजे भाताची गुंडाळी) आणि तामागो हे गोडसर अंडे यांतही हीच दाशी असू शकते. दुकानातला माणूस खोटे बोलतो असे नाही. ‘मासळी नको’ म्हटल्यावर त्याच्या मनात मासळीचा तुकडा येतो, रस येत नाही. म्हणून ‘साकाना नो दाशी वा हाइत्ते इमासु का’, म्हणजे ‘यात मासळीची दाशी आहे का’, असे नेमके विचारावे. ज्यांना तेवढीही चालत नाही त्यांच्यासाठी काकडीची काप्पा-माकी हीच मला सर्वांत खात्रीची वाटते.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. भाताविना नुसती कापलेली कच्ची मासळी म्हणजे साशिमी. सुशी म्हणजे व्हिनेगर, मीठ आणि साखर घातलेला भात आणि त्याच्या जोडीला जे काही असेल ते. या पदार्थाचे मूळही आंबवण्यात आहे. शिगा प्रांतातल्या बिवा सरोवराकाठी आजही फुनाझुशी करतात. तिच्यासाठी खारवलेली मासळी भातात दाबून कित्येक महिने मुरवली जाते. आज आपण खातो त्या निगिरीचे, म्हणजे हाताने वळलेल्या भाताच्या घासावर मासळी ठेवलेल्या सुशीचे, श्रेय बहुधा एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, हानाया योहेइ यांना दिले जाते आणि तो काळ साधारण १८२४ च्या सुमाराचा मानतात. शीतपेटी नसलेल्या त्या शहरात मासळी टिकवण्यासाठी ती मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवत, सोया सॉसमध्ये बुडवून ठेवत किंवा शिजवत असत. त्यामुळे उकडलेली कोळंबी, रसात शिजवलेली आनागो ही समुद्री वाम आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली कोहादा ही लहान मासळी ही त्या परंपरेतली अस्सल सुशी आहे, नवख्यांसाठी सौम्य केलेली नव्हे. उलट आपण ‘खरी सुशी’ म्हणून जिचा उल्लेख केलात ती कच्च्या सामनची सुशी जपानमध्ये बरीच अलीकडची आहे. तिथला स्थानिक सामन परजीवींच्या भीतीने कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपल्या पाळीव सामनचा प्रचार केल्यानंतर ती रूढ झाली. ती रुचकर आहे, मीही खातो; पण तिच्यावरून बाकीच्यांचे अस्सलपण ठरवता येणार नाही.

म्हणून पहिल्या खेपेस, जिथे सुशीच्या ताटल्या ग्राहकांसमोरून पट्ट्यावर फिरतात अशा दुकानात जावे, हा सल्ला मी कायम ठेवतो. बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा पाहून शिराइशी योशिआकी यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळ असे पहिले दुकान काढले. अशा दुकानांत एका ताटलीत बहुधा दोन घास येतात आणि किंमत आधीच दिसते, त्यामुळे एखादी चव न रुचली तरी फारसे बिघडत नाही. कोळंबी, मग ताइसारखी पांढरी सौम्य मासळी, मग ट्यूनाचा लाल भाग आणि आपल्या बांगड्याच्या कुळातली उग्र साबा शेवटी, असा क्रम मी सुचवला होता. तो नियम असल्यासारखा लिहिला गेला, ही माझी चूक. जिभेला सोयीचा एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता सोवळ्याविषयी. चांगल्या कारागिराने वळलेला भात घट्ट गोळा नसतो. दाण्यांमध्ये हवा राहील इतक्या हलक्या हाताने तो वळलेला असतो. मी राहतो त्या ओसाकातल्या एका लहान दुकानात घास समोर ठेवल्यावर तो किंचित खाली बसताना मी अनेकदा पाहिला आहे. असा भात सॉसमध्ये बुडवला की सॉस शोषून घेतो, खारट होतो आणि वाटीतच सुटतो. म्हणून घास आडवा करून मासळीची कड तेवढी टेकवायची. हे बोटांनी सोपे जाते, चॉपस्टिकच्या काड्यांनी केले तरी काही बिघडत नाही. मासळी उचलून खाणे आणि भात ताटलीत टाकणे हे मात्र उकडीच्या मोदकाची पारी टाकून नुसते सारण खाण्यासारखे आहे. घास मोठा वाटत असेल तर ‘शारी चिइसामे दे’ म्हणून भात कमी मागता येतो.

वासाबीचा सुगंध उडून जाणारा असतो आणि सॉसमध्ये कालवल्यावर तो बराचसा हरवतो, म्हणून ती मासळीवर लावावी असे मी म्हटले. अनेक जपानी माणसे ती सर्रास कालवतात, हे आपले निरीक्षण खरे आहे, आणि तसे करणाऱ्याला कोणी हटकत नाही. पण जिथे कारागीर मासळी आणि भात यांच्यामध्ये स्वतःच्या अंदाजाने वासाबी लावून देतो, तिथे आणखी मागण्याआधी एक घास तसाच खाऊन पाहावा, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. ती अजिबात नको असेल तर मागवतानाच ‘साबी-नुकी’ म्हणावे.

मूळ लेखातली इनारीची शिफारस मी आजच काढून टाकली आहे, आणि दाशीविषयी विचारायचे वरचे जपानी वाक्य शाकाहारी वाचकांसाठीच्या भागात अगदी पहिल्या ओळीत घातले आहे.